एकच सिम्फनी, तोच ऑर्केस्ट्रा, मग इतकी रेकॉर्डिंग कशाला?

कुठल्याही म्युझिक ॲपमध्ये बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी शोधली, की नोंदींची रांगच लागते. सगळ्या साधारण अर्ध्या तासाच्या आणि सगळ्यांत सूर तेच. बरं, त्यातून 'बर्लिन फिलहार्मोनिक' एवढंच नाव निवडलं तरी गोंधळ मिटत नाही. या एकाच ऑर्केस्ट्राने ही सिम्फनी १९१३ पासून पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केली आहे. हर्बर्ट फॉन कारायान या एकट्या कंडक्टरने या वादकांकडून नऊच्या नऊ सिम्फनींचे संच तीनदा करून घेतले. नवख्या श्रोत्याला वाटतं, ही शुद्ध उधळपट्टी आहे. एकदा नीट वाजवून झालं ना, मग परत कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरात या ऑर्केस्ट्राचा जवळजवळ सगळा इतिहास येऊन जातो.

सगळं लिहिलेलं असताना वेगळं काय वाजवणार?

सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना. बहुतेकदा तिचे चार भाग असतात. पाचवी पहिल्यांदा वाजली ती २२ डिसेंबर १८०८ रोजी, व्हिएन्नात. कोणी कुठला सूर किती वेळ वाजवायचा, हळू की जोरात, हे कागदावर लिहिलेलं असतं. समोर उभा राहून सगळ्यांना एकत्र बांधतो तो कंडक्टर.

आपल्याकडची अडचण इथेच सुरू होते. आपला गवई यमन रोज नव्याने मांडतो, त्यामुळे त्याची दहा रेकॉर्डिंग असली तर कोणी का म्हणून विचारत नाही. इथे मात्र सगळं छापील. अशा वेळी 'सौभद्र' आठवावं. पदं ठरलेली आणि संवादही ठरलेले, तरी शे-दीडशे वर्षांत किती संचांनी ते केलं आणि कुठल्याही दोन संचांचा प्रयोग सारखा झाला का? संहितेत शब्द असतात. तो कुठे थांबून, कुठल्या आवाजात म्हणायचा हे नटाला ठरवावं लागतं.

पाचवीची सुरुवात जवळून बघा. तीन आखूड सूर आणि एक लांब, 'ता-ता-ता-ताऽऽ'. हे चार सूर न ऐकलेला माणूस विरळा. कागदावर मात्र सुरुवात सुराने होत नाही, एका छोट्याशा विश्रांतीने होते. म्हणजे कंडक्टरला आधी शांततेचा ठोका दाखवायचा आणि मग तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट यांनी एका क्षणी उडी घ्यायची. कसलेले वादकही इथे सावध असतात. चौथ्या सुरावर फर्माटा नावाची खूण आहे. तिचा अर्थ 'इथे थांबा', पण किती थांबा हे लिहिलेलं नाही. लगेच तोच आकार जरा खालच्या सुरांवर परत येतो आणि या वेळी शेवटचा सूर बीथोव्हेनने एका मात्रेचा नाही, आख्ख्या एका बारचा जादा लांब ठेवला आहे. बार म्हणजे लेखनातलं एक घर. दुसरा सूर पहिल्यापेक्षा लांब हवा हे नक्की. पण दोन्ही किती लांब? कारायानच्या आधीचा या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर विल्हेल्म फुर्टव्हेंगलर त्यांना इतकं ताणतो की खुर्चीत सावरून बसावं लागतं. कारायान झटकन पुढे सरकतो. अवघ्या पाच बारांत दोन वेगळी माणसं दिसली.

लयीचंही तसंच. बीथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या आठ सिम्फनींच्या लयी मेट्रोनोमच्या, म्हणजे लय मोजायच्या यंत्राच्या, आकड्यांत छापून दिल्या. पाचवीच्या पहिल्या भागाला त्याने मिनिटाला १०८ बार सांगितले आहेत. हे तंतोतंत पाळलं तर तो भाग सहा-साडेसहा मिनिटांत संपतो. फुर्टव्हेंगलरला आठेक मिनिटं लागतात. आकडा खरा मानावा की नाही यावर भांडणं अजून चालू आहेत आणि माझ्या मते ती मिटूही नयेत.

चौथ्या वर्गाचा डबा आणि स्केटिंगची जागा

बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्झे नावाचा एक बँडवाला होता. लोक बिअर पीत त्याचे कार्यक्रम ऐकत. १८८२ मध्ये त्याने आपल्या वादकांना वॉर्सोच्या दौऱ्यावर न्यायचं ठरवलं, रेल्वेच्या चौथ्या वर्गाच्या डब्यातून. पगार आधीच तुटपुंजा, त्यात हे. पन्नासेक वादकांनी त्याला रामराम ठोकला आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. सुरुवातीला त्यांनी नाव लावलं ते 'पूर्वीचा बिल्झेचा बँड' असं. थोड्याच दिवसांत ते बर्लिन फिलहार्मोनिक झालं. योगायोग असा, की किर्लोस्करांचं 'सौभद्र' पुण्यात पहिल्यांदा उभं राहिलं तेही याच वर्षी.

त्यांना वाजवायला जागा मिळाली ती बर्नबुर्गर श्ट्रासंवरची, पूर्वी स्केटिंगसाठी बांधलेली. तीच पुढे सजवून, वाढवून 'फिलहार्मोनी' हे नामांकित सभागृह झाली.

मालकाशी भांडून निघालेल्या या मंडळींनी एक गोष्ट मात्र पक्की केली: कारभार आपला आपण बघायचा. आजही या ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर वादक मतदानाने निवडतात. नवा वादक घ्यायचा की नाही, यावरही त्यांचंच मत चालतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे यावरून मोठा तमाशा झाला.

भोंग्यासमोरचा ऑर्केस्ट्रा

१९१३ च्या नोव्हेंबरात आर्थर निकिश हा त्यांचा हंगेरियन कंडक्टर त्यांना घेऊन पाचवी रेकॉर्ड करायला गेला. कंपनी डॉइच ग्रामोफोन. माईक नव्हता. एका मोठ्या भोंग्यात आवाज शिरायचा, भोंग्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरायची. वादकांच्या श्वासाच्या जोरावर आणि हाताच्या ताकदीवर सगळा खेळ.

या पद्धतीत अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर उमटायचेच नाहीत. म्हणून त्या काळी सर्रास डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्याच्या जागी ट्यूबा हे पितळी वाद्य वाजवायचे, टिंपनी म्हणजे मोठे नगारे गाळायचे आणि वादकांना भोंग्याभोवती दाटीवाटीने बसवायचे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटं मावत. निकिशची पाचवी आठ बाजूंवर मावली. म्हणजे सिम्फनी ऐकताना श्रोत्याने दर चार मिनिटांनी उठायचं, तबकडी बदलायची, चावी द्यायची.

'जगातलं पहिलं संपूर्ण सिम्फनीचं रेकॉर्डिंग' म्हणून हे अनेक ठिकाणी मिरवलं जातं. ते बरोबर नाही. ओडिऑन कंपनीने फ्रिडरिक कार्कच्या हाताखाली पाचवी आधीच रेकॉर्ड केली होती. इतकंच काय, बर्लिन फिलहार्मोनिकचंही ते पहिलं रेकॉर्डिंग नव्हे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आल्फ्रेड हेर्ट्झबरोबर वाग्नरच्या 'पार्सिफाल'मधले भाग केले होते. निकिशचं महत्त्व वेगळं आहे. एक नावाजलेला ऑर्केस्ट्रा, त्याचा स्वतःचा मुख्य कंडक्टर आणि न कापलेली आख्खी रचना, असा योग इथे जुळून आला.

या कंपनीचा आपल्याशीही जुना संबंध आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान आणि इतरांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा ती मेणं बोटीने हॅनोव्हरला गेली आणि तबकड्या डॉइच ग्रामोफोनच्या कारखान्यात छापून परत आल्या. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघेपर्यंत हा असाच प्रवास चालू होता. राग तीन मिनिटांत कोंबायची कसरत आपल्या गायकांनी केली, सिम्फनीचे चार-चार मिनिटांचे तुकडे जर्मन वादकांनी केले. मर्यादा एकाच यंत्राची.

माईक, टेप आणि युद्ध

१९२५ च्या सुमारास माईक आला आणि डबल बास परत आपल्या जागी जाऊन बसले. निकिशनंतर आलेल्या फुर्टव्हेंगलरने १९२६ मध्ये पाचवी केली, १९३७ मध्ये पुन्हा केली. त्याला स्टुडिओ मनापासून आवडत नसे, आणि दर चार मिनिटांनी थांबायचं म्हटल्यावर कोणाला आवडेल? लांब चढत जाणारा आवेग हीच तर त्याची खासियत.

त्याची अडचण सोडवली ती टेपने. एईजी कंपनीने १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मांडला. पुढच्या वर्षी लुडविग्सहाफेनला बीएएसएफच्या कारखान्यात टॉमस बीचमच्या लंडन फिलहार्मोनिकची मैफल टेपवर घेतली गेली. आवाज तेव्हा फुसफुसणारा होता. १९४० मध्ये जर्मन रेडिओच्या वाल्टर वेबरने टेपवरची ती खरखर एकदम खाली आणण्याचा उपाय शोधला. मग न थांबता, आख्खी मैफल, सभागृहातच रेकॉर्ड करता येऊ लागली. जर्मनीबाहेर कोणाकडे ही सोय नव्हती.

त्यामुळे जून १९४३ ची पाचवी आपल्याकडे आहे. फुर्टव्हेंगलर, जुनी फिलहार्मोनी. सभागृहाचा घुमारा ऐकू येतो. सात महिन्यांनी, ३० जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते सभागृह जळून गेलं. स्केटिंगच्या जागेतून घडलेली ती वास्तू कशी वाजायची हे कळायला आता या टेप हाच खरा पुरावा. याच काळात बीबीसी जर्मनव्याप्त देशांना उद्देशून जे कार्यक्रम करत होतं, त्यांची ओळखधून म्हणून ढोलावर पाचवीचेच पहिले चार ठोके वाजत. मोर्स लिपीत तीन आखूड आणि एक लांब म्हणजे 'व्ही', विजयाचा व्ही. दोन्ही बाजूंना एकाच वेळी हीच सिम्फनी हवी होती!

युद्ध संपल्यावर रशियन सैन्याने रेडिओच्या टेपांचा साठा मॉस्कोला नेला. तिकडे साठच्या दशकात त्यावरून रेकॉर्ड निघाल्या, त्या पश्चिमेकडचे शौकीन जिवापाड शोधत. १९८७ मध्ये टेपांच्या प्रती बर्लिनला परत मिळाल्या आणि २०१८ मध्ये ऑर्केस्ट्राने स्वतः फुर्टव्हेंगलरबरोबरची १९३९ ते १९४५ ची रेडिओ रेकॉर्डिंग २२ डिस्कच्या संचात काढली.

मग नाझी काळातली ही रेकॉर्डिंग ऐकायची का?

हा आक्षेप टाळता येत नाही. १९३४ पासून हा ऑर्केस्ट्रा सरकारी झाला होता. प्रमुख व्हायोलिनवादक शिमोन गोल्डबर्गसह चार ज्यू वादक होते, ते १९३५ पर्यंत सगळे निघून गेले. उरलेल्या वादकांना युद्धात लष्करी सेवेतून सूट होती, बदल्यात ते राजवटीची शान म्हणून देशोदेशी वाजवत होते. फुर्टव्हेंगलर पक्षाचा सदस्य नव्हता. त्याने काही ज्यू वादकांना मदत केल्याच्या साक्षी आहेत, पण एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला नववी सिम्फनीही त्यानेच वाजवली. कारायान तर पक्षात होताच.

चौकशीतून सुटल्यावर फुर्टव्हेंगलर मे १९४७ मध्ये परत आला. बर्लिनमध्ये सभागृह उरलं नव्हतं, म्हणून श्टेग्लित्समधल्या टिटानिया-पालास्ट या सिनेमागृहात कार्यक्रम. कार्यक्रमात पाचवी. तेही रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. १९४३ आणि १९४७ लागोपाठ ऐका. कंडक्टर तोच आहे, बरेचसे वादकही तेच, शहर मात्र मधल्या काळात ढिगारा झालेलं. मी १९४३ ची ऐकतो, पण नुसती 'काय आवेग आहे' म्हणून दाद देऊन थांबणं मला जमत नाही. समोर कोण बसलं होतं, हे विसरता येत नाही.

चर्चमध्ये घडलेला आवाज

फुर्टव्हेंगलर १९५४ मध्ये गेला आणि कारायान आला. तो १९८९ पर्यंत राहिला. रेकॉर्डिंग म्हणजे मैफलीची नक्कल, हे त्याला मान्य नव्हतं. तो रेकॉर्डिंगकडे स्वतंत्र कला म्हणून बघायचा.

तोवर एलपी आली होती. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे सिम्फनीचा भाग मध्येच तोडायची गरज संपली. त्यात स्टिरिओची भर पडली. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळा आवाज, त्यामुळे व्हायोलिन कुठे आणि चेलो कुठे हे डोळे मिटून सांगता यायला लागलं. १९६१-६२ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातल्या येझुस-क्रिस्टुस चर्चमध्ये नऊ सिम्फनी रेकॉर्ड झाल्या. नवं सभागृह अजून बांधून व्हायचं होतं आणि या चर्चचा घुमारा फार सुरेख होता. १९६३ मध्ये आठ एलपींचा संच आगाऊ नोंदणी घेऊन विकला गेला आणि तुफान खपला. सिम्फनी सुटी सुटी घ्यायची सवय मोडून 'संच' घरात ठेवायची टूम इथून वाढली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हान्स शारूनने बांधलेली नवी फिलहार्मोनी उघडली. मधोमध वादक, चहूबाजूंनी श्रोते. पुढे कारायानने सत्तरच्या दशकात दुसरा संच केला आणि १९८२-८४ मध्ये तिसरा, डिजिटल. सीडीचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. १९८१ मध्ये साल्झबुर्गला सीडीची ओळख करून देणाऱ्या पत्रकार परिषदेत तो स्वतः हजर होता.

खरं सांगायचं तर तिसऱ्या संचाची गरज संगीताला किती होती आणि सीडीच्या बाजाराला किती, असा प्रश्न मला पडतो. माझ्या कानाला १९६२ चाच सरस वाटतो. तिथे वादकांच्या अंगात चपळाई आहे. नंतरचा आवाज गुळगुळीत आहे, कडा घासून काढलेला.

कापून जोडलेलं म्हणजे खोटं ना?

टेप आली तशी कात्रीही आली. चुकलेला तुकडा काढून दुसऱ्या खेपेतला चांगला तुकडा चिकटवता येतो. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. पण घरी चौथ्यांदा ऐकताना हॉर्नचा एकच बेसूर सूर दर वेळी त्याच जागी टोचतो. सभागृहात तो क्षणात विसरला जातो, डिस्कवर कायमचा राहतो. त्यामुळे जोडकाम मला गैर वाटत नाही. गैर वाटतं ते इतकं घासणं, की वादकांचा श्वासही ऐकू येऊ नये. यावर उतारा म्हणून मैफलीतली थेट रेकॉर्डिंग आहेतच, खोकल्यांसकट.

माणसं बदलली तर ऑर्केस्ट्रा तोच कसा?

निकिशच्या वेळचा एकही वादक कारायानच्या शेवटच्या वर्षांत नव्हता. तरी नाव एकच. वादक वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांकडून शिकतात, निवृत्त होणाऱ्याची जागा भरताना आपल्याला मिळताजुळता आवाज शोधतात. म्हणून तर निवड त्यांना आपल्याच हातात हवी असते.

१९८२ मध्ये यावरूनच पेटलं. कारायानला झाबिना मायर ही तरुण क्लॅरिनेटवादक हवी होती. वादकांनी मतदानात तिला ७३ विरुद्ध ४ असं नाकारलं. कारण दिलं, आवाज आमच्यात मिसळत नाही. बाई आहे म्हणून नाकारलं, असाही आरोप झाला, आणि तो हवेतला नव्हता. या ऑर्केस्ट्रात पहिली स्त्री वादक, व्हायोलिनवादक मादलेन कारुत्सो, आली तीच मुळी त्या वर्षी, स्थापनेनंतर शंभर वर्षांनी. कारायान आणि वादक यांचं नातं त्यानंतर सुधारलं नाही. मायर स्वतःच बाजूला झाली आणि एकल वादक म्हणून मोठं नाव कमावलं.

कारायाननंतर वादकांनी क्लाउडिओ अब्बाडोला निवडलं. तोवर जॉनथन डेल मार या संशोधकाने बीथोव्हेनची हस्तलिखितं, नकलाकारांच्या प्रती आणि पहिल्या छापील प्रती ताडून नवी आवृत्ती तयार करायला घेतली होती. अब्बाडोने तिचा आधार घेतला, वादकांची संख्या कमी केली, लय वाढवली. 'सगळं तर छापलेलं आहे' म्हणणाऱ्यांना हे उत्तर: छापलेलंही बदलतं. सायमन रॅटलने २०१५ मध्ये आणखी एक संच केला. तो कुठल्या कंपनीने काढला नाही, ऑर्केस्ट्राने २०१४ मध्ये सुरू केलेल्या स्वतःच्या लेबलवर काढला. २००९ पासून तर ते आपल्या मैफली इंटरनेटवर थेट दाखवतात, वर्गणी घेऊन. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सभागृह बंद झालं, तेव्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवून तो कार्यक्रम त्यांना लगेच जगभर पोचवता आला. बिल्झेला सोडून आलेल्या मंडळींचा हिशेब इथे पुरा होतो, मधला मालकच गेला. २०१९ पासून मुख्य कंडक्टर आहे किरिल पेट्रेंको.

आपल्या मुंबईचे झुबीन मेहता या वादकांसमोर पहिल्यांदा उभे राहिले ते १९६१ मध्ये, वयाच्या पंचविशीत. २०१९ मध्ये ऑर्केस्ट्राने त्यांना मानद सदस्य केलं.

कुठून सुरुवात करू?

१९६२ च्या कारायानपासून. आवाज स्वच्छ आहे, वेग आहे, कुठे अडखळायला होत नाही. ती दोन-चारदा ऐकून कानात बसली की मग १९४३ चा फुर्टव्हेंगलर लावा आणि फक्त पहिलं मिनिट ऐका. फरक कळायला संगीताचं शिक्षण लागत नाही. मग अब्बाडो. निकिश सगळ्यात शेवटी, कारण भोंग्याचा आवाज ऐकायला कान आधी तयार व्हावा लागतो. तो इंटरनेटवर फुकट मिळतो.

शोधताना नुसतं रचनेचं नाव टाकू नका. कंडक्टरचं नाव आणि वर्षही टाका, नाहीतर कारायानच्या तीनांतला भलताच पुढ्यात येईल. आणि मुंबईत असाल तर नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या कार्यक्रमाला एकदा जाऊन बसा. डबल बासची थरथर खुर्चीतून पाठीला कशी लागते, हे अजून कुठल्याही डिस्कवर उतरलेलं नाही.